उत्तरदाती क्रमांक सात

मिनिटाला बारा रुपये.
माझ्या मिनिटाला नाही, त्यांच्या.
त्यांचं एक मिनिट उतरवायला मला पाच लागतात,
बोलणारा खाता खाता बोलत असेल तर सात.

कन्नमवार नगर, दुसरा मजला, खिडकीशी टेबल.
टेबलाखाली पायडल.
आईचं शिलाई मशीन इथंच असायचं;
ती पायानं कापड पुढं सरकवायची,
मी पायानं वाक्यं मागं ओढतो.

मजल्यावर सगळ्यांना ठाऊक, साटविलकर घरीच असतात.
म्हणून सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे,
गॅसवाल्याचे पैसे माझ्याकडे,
चिंदरकर वहिनींची किल्ली माझ्याकडे,
खिळ्याला, लाल लोकरीचा गोंडा बांधलेली.
तुम्हाला काय, बसूनच काम, म्हणतात.
बसूनच आहे, खरंय.

नियम साधे.
अं, हं, म्हणजे, ते हे आपलं, सगळं गाळायचं.
हसणं कंसात. रडणंही कंसात.
पाच सेकंदांहून लांबलेली शांतता मोजून लिहायची.
नाव आलं तर काढायचं.
ऐकू आलं नाही तर [अस्पष्ट],
अंदाज करायचा नाही.
हे शिकायला मला दोन वर्षं गेली.
आधी मी लोकांची वाक्यं पुरी करून द्यायचो;
एका डॉक्टरच्या तोंडी तर
चक्क माफी घातली होती.

मंगळवारी आली ती फाईल: पुनर्विकास, रहिवाशांच्या मुलाखती.
विचारणारी मुलगी कोवळी, कागदावरून वाचणारी.
पहिलाच प्रश्न: नव्या घरात तुम्हाला काय हवंय?
आधीचे सहाजण लिफ्ट म्हणाले होते, चोवीस तास पाणी म्हणाले होते.
सातवी बाई गप्प.
मागे कुकर.
मागे पाववाल्याचा भोंगा.
मग जिन्यातून एक माणूस ओरडतो,
साटविलकर, पार्सल!

मागं घेतलं.
साटविलकर, पार्सल.
पुन्हा मागं घेतलं.

म्हणजे त्या दुपारी मी इथंच होतो,
कानात भलत्याच कुणाचं बोलणं घालून,
आणि एका भिंतीपलीकडे
ती गप्प बसली होती.
अकरा सेकंद.
दोन रुपये वीस पैसे होतात त्याचे.

मग म्हणाली,
"एक दार. म्हणजे, दार आहे ओ.
पण एखादी खोली, आतून कडी लावून बसता येईल अशी.
बाथरूम सोडून.
बत्तीस वर्षं झाली या घरात.
म्हणजे नुसतं बसायला.
रडायबिडायला नव्हे हां."
[हसते.]

मी टाईप केलं.
नियमाप्रमाणे नाव काढलं, माझंच.
[मागून कुणीतरी हाक मारतं.]
पहिलं 'म्हणजे' गाळलं.
दुसऱ्यावर बोट थांबलं, तसंच राहू दिलं.
तपासणारे कापतील त्याचे पैसे. कापू देत.

साडेसहाला बेल.
"झालं काम? किल्ली द्या."
हातात मेथीची जुडी, खांद्यावरची पिशवी घसरलेली.
गोंड्याला धरून मी किल्ली काढली.
जिभेवर काहीतरी आलं होतं,
गाळायच्या यादीतलंच सगळं.
"पार्सल पण आहे तुमचं एक," म्हणालो.
"उद्या नेते. आता येतीलच सगळे."

कुलूप.
दार लोटल्याचा आवाज.
मी हेडफोन गळ्यात घेऊन उंबऱ्यातच उभा.
मग धातूचं काहीतरी वाजलं, बारीक.
कडी असेल.
बांगडीही असू शकेल, किंवा नुसती किल्ली
ओट्यावर टाकलेली.

आत आलो, हेडफोन घातले.
आठव्या क्रमांकाचे गृहस्थ पार्किंगवर बोलत होते,
न थांबता, चौदा मिनिटं.