पासंग

वाल्दिव्हियात जुलैत चारलाच दिवे लावावे लागतात.
ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, लाकडाच्या शेगडीकडे पाठ करून
मी, ग्रासिएला ओयार्सो, मोजते आहे
सेल्मिरा आंतिलेफची एकोणतीस वर्षं.

फॉर्मात चौकोन एकच:
एकूण किती वेळा उद्धृत?

पहिली सूची म्हणते, सतरा.
दुसरी, नऊ.
तिसरी, एकसष्ट.

पहिली सोवळ्यातली. इंग्रजीखेरीज
फारसा कुणाचा विटाळ चालत नाही तिला.
दुसरीला जुनं काही आठवत नाही,
सेल्मिराचे तरुणपणचे लेख तिच्या लेखी
झालेच नाहीत.
तिसरी काहीही गिळते:
विद्यार्थ्यांचे गृहपाठ,
कुठल्याशा परिषदेच्या जेवणाचं वेळापत्रक,
आणि एकच लेख चार वेळा –
आंतिलेफ, आंटिलेफ, आंतिलेव,
आणि एकदा नुसतंच "व इतर".

त्याच पदासाठी दुसरा अर्ज एव्हारिस्तो बास्कुनयानचा.
दोनशे बारा.
उघडून पाहिलं. नव्वद त्याचे स्वतःचेच,
साठ त्या तिघांचे,
एकमेकांच्या पंगतीत एकमेकांनाच वाढलेले.
एक लेख तर अशा नियतकालिकात
ज्याच्या नावातच "जागतिक" आहे
आणि पत्ता पेट्रोलपंपावरचा मजला.
मंगळवारी पाठवला, शुक्रवारी छापला,
मधे बुधवारी पैसे.

सेल्मिराच्या सतरांतले पाच जण म्हणतात,
आंतिलेफ चुकली.
सूचीला त्याचं काय!
तिच्याकडे शिवीही एक, ओवीही एक.

पण ती खरंच चुकली होती.
कोचायुयो मुळापासून किती वर कापला
तर पुन्हा उगवतो, याचं तिचं माप
दोन बोटांनी कमी होतं.
दोन हिवाळे ती खडकांवर बसली,
पुन्हा मोजलं,
पाचही जणांची नावं घेऊन लिहिलं: त्यांचं बरोबर आहे.
चार पानं. आंकुदच्या त्या नियतकालिकात,
जे वर्षातून दोनदा निघतं, कधी एकदाच,
आणि ज्याच्या मुखपृष्ठाची शाई बोटाला लागते.

पहिली: सापडले नाही.
दुसरी: सापडले नाही.
तिसरी, सगळं गिळणारी: आपल्याला असं म्हणायचं होतं का,
"कोचिनियो"?

माझी नणंद मेहुईनच्या किनाऱ्यावर कोचायुयो काढते.
चार बोटं सोडून सुरी लावते.
विचारलं, कुणी सांगितलं?
म्हणाली, म्हणजे? असंच कापतात.

आज सकाळी मासळीबाजारात
ओस्काल्दोनं सिएर्रा तोलायच्या आधी
रिकाम्या पारड्यात खडा ठेवला.
मापात पाप, म्हटलं मी.
तो हसला नाही. "काटा मुळातच कलता आहे, बाई.
खडा काढला तर तुम्ही फसाल, का मी,
तेही सांगता येत नाही मला."
मागे समुद्रसिंह आतड्यांची वाट पाहत पडले होते.

नियमाप्रमाणे दुसरी सूची धरायची.
चौकोनात नऊ लिहिले.
मग ती चार पानं
फॉर्मच्या मागे लावायला घेतली;
स्टेपलर रिकामा.
टाचणी शोधली, लावली, बोटात गेली.

सोमवारी समिती बसेल.
कुणी पान उलटवेल, किंवा शिपाईच
टाचणी नको म्हणून काढून ठेवेल.
शेगडीजवळ पिशवीतला मासा
आता वास मारू लागला आहे.