हवा न लागलेलं पाणी

पिंजरा वर येतोय.
विंचवर ओडवार, बारा बंदरांचं पाणी प्यालेला,
तारेच्या आवाजावरून सांगतो: अजून सहाशे मीटर.
पडद्यावरचा आकडा पाचशे नव्वद म्हणतो.
मी ओडवारचं ऐकून हातमोजे चढवते.

पहाटेचे तीन, आणि ऊन.
तिरपं, पिवळं, महिनाभर न मावळलेलं.
पश्चिमेला ग्रीनलँड आहे म्हणतात, आम्हाला फक्त
हिमफळ्यांमधून जहाजाने उकरलेलं
हे काळं डबकं दिसतं, तेही मिटत चाललेलं.

खाली जाताना चोवीस बाटल्या
दोन्ही तोंडं वासून गेल्या.
मिटल्या त्या येताना, मी एकेक कळ दाबत गेले तशा:
तळाशी पहिली, दोन हजार चारशेवर दुसरी,
सतरावी मिटलीच नाही.
ती कधीच मिटत नाही.
वहीत कारणाच्या रकान्यात
रागन्हिल्डने मागच्या मोहिमेत लिहून ठेवलंय:
स्वभाव.

आधी प्राणवायू, तो सगळ्यांत उतावळा.
नळी काचेच्या तळाला टेकवायची,
कुपीला तीनदा चूळ भरायला लावायची,
मग भरू द्यायचं, काठावरून सांडू द्यायचं,
मनात वीस मोजेपर्यंत सांडू द्यायचं.
एक बुडबुडासुद्धा नको.
खालच्या पाण्याला वरची हवा लागली
की ते खोटं बोलायला लागतं.
दोन थेंब याचे, दोन त्याचे, बूच, हलवणं,
आणि आत तपकिरी ढग हळूहळू बसतो.
मग कार्बन. मग बाकीचे.
क्षार सर्वांत शेवटी, क्षाराला कसली घाई.

"किती जुनं?" ओडवार विचारतो.
आज अकरा वर्षांत पहिल्यांदा.
तळाचं? हवेला शेवटचं भेटून
तीस-चाळीस वर्षं झाली असतील. नक्की नाही सांगता येत.
तो डाव्या हाताच्या चार बोटांवर मोजतो,
पाचवं एका विंचने ठेवून घेतलंय.
"म्हणजे मी वार्डोला. कारखान्यात, कॉड कापायला.
त्या हिवाळ्यात मी सिगारेट सोडली. दोनदा."
मग बराच वेळ नुसता पंपाचा आवाज.
"सुन्निवा होती तेव्हा."

मी काही विचारलं नाही.
माझे नमुने घेऊन झाले होते,
म्हणून त्याने मोजा काढला तेव्हाही
नियम सांगितला नाही.
पहिल्या बाटलीच्या तोटीखाली त्याने तळवा धरला.
उणे एक अंशाचं पाणी. धरून ठेवला.
"गार आहे," म्हणाला,
"इतक्या वर्षांत काही शिकलं नाही."

उरलेलं ओतून द्यायचं असतं.
चोवीस तोट्या, खरं तर तेवीस, मी उघडते,
आणि ज्याचा नंबर लागायला अजून कितीतरी वर्षं होती
ते पाणी रांग मोडून उन्हात येतं,
दोरखंडाच्या वेटोळ्याला वळसा घालतं,
बुटांखालून जातं, कडेच्या भोकातून
आपल्याच समुद्राच्या डोक्यावर पडतं.
काही डेकवरच गोठतं.
ओडवार पोतं आणतो. वर छापलंय: त्रापानी.
कुठल्याशा उबदार किनाऱ्यावर वाळवलेला समुद्र
तो मूठमूठ या समुद्रावर फेकतो.
बर्फ तडतडतो.

पुढचं ठाणं दोन तासांवर.
मी सतरावीचा रबर बदलायला बसते.
तो विंचकडे जाता जाता, पाठमोराच:
"एक नंबरची ना, ती?"

हो. एक नंबर.