खिशातले दगड

वॉशिंग मशीन बिघडलं की आई
आधी बाबांचं नाव घ्यायची, मग मेकॅनिकचं.
ड्रममध्ये खडखडत असायचा
कुठल्यातरी कड्याचा तुकडा,
कोलंबियाच्या काठचा, काळा, जाळीदार,
नाहीतर एखादी पांढरी गारगोटी.
तिला बाबा ‘पाहुणी’ म्हणत:
ही इथली नाही गं मर्ना,
महापुरात हिमखंडावर बसून
थेट मोंटानाहून आलीये.
आई म्हणे, मग आता तिला जायला सांग.

एकतीस वर्षं.
कम्युनिटी कॉलेजची बी इमारत,
भूशास्त्राची पहिली पायरी,
मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ.
खिडकीबाहेर धुळीचं पार्किंग,
पलीकडे सफरचंदांची गोदामं.
तिथूनच येत अर्धा वर्ग,
बोटांना फळांवरच्या मेणाचा वास,
डोळ्यांवर पहाटेच्या पाळीची झापड.
हजेरी घेता घेता बाबा विचारत, “जेवलात?”
आणि खणातून, हातोडी आणि आम्लाच्या बाटलीशेजारून,
बिस्किटांचा पुडा निघे.

मोठ्या विद्यापीठाने त्यांना दोनदा नाही म्हटलं.
ती पत्रं घडी घालून त्यांनी
लॅबमधल्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली सारली.
परवा खोली रिकामी करताना मी ती ओढून काढली.
टेबल डगमगलं.
मी परत ठेवली.

ते संत नव्हते.
हे मलाच सांगायला हवं,
कारण शनिवारी चर्चच्या तळघरात
कॉफीच्या पिंपाभोवती सगळे तसंच बोलत होते.
माझ्या लग्नाला येताना गाडी थांबवून
सुटाबुटात कड्यावर चढलेला माणूस तो.
चाळीस मिनिटं पाद्री घड्याळ बघत होता.
आले ते गुडघ्यांना माती
आणि हातात षटकोनी खांबाचा टवका.
“तुझ्यासाठी,” म्हणाले.
मी महिनाभर बोलले नाही त्यांच्याशी.
तो टवका आता माझ्या स्वयंपाकघराचं दार
वाऱ्याला अडवून धरतो.

आणि रात्री साडेनऊला घरी येऊन
आम्हा तिघांचे उद्याचे डबे भरणारा माणूसही तोच.
कागदी रुमालावर सँडविचचा उभा छेद,
बाण काढून नावं:
पाव, चीज, हॅम, पुन्हा पाव.
खाली तळटीप: सर्वांत खालचा थर सर्वांत जुना,
काकडी मात्र कालची आहे, सांभाळून.
लाइलने त्यातले बरेच जपून ठेवलेत.
मी त्यांना हात पुसले.

युफेमिया आली होती शनिवारी.
दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास,
आता काउंटीभर विहिरींचं पाणी तपासत फिरते.
पर्समधून तिने उत्तरपत्रिका काढली,
घड्यांवर झिजून चार तुकड्यांत सुटलेली.
“बी द्यायला हवा होता त्यांनी,” ती म्हणाली,
“वीस वर्षं झाली, मला अजून पटत नाही.”
मी तिथेच उभ्याने वाचली.
नाही. सी-च बरोबर होता.
पण समासात, मागच्या कोऱ्या पानावर, वर, खाली,
आडव्या ओळी संपल्यावर उभ्या करून,
हिरव्या शाईत बाबा तिच्याशी बोलत राहिले होते.
तिच्या उत्तरापेक्षा लांब.
मी तसं तिला सांगितलं.
ती म्हणाली, ठाऊक आहे,
म्हणून तर आणलीये.

काल आईने त्यांचा कॅनव्हासचा कोट
मशीनमध्ये टाकला.
त्रेचाळीस वर्षं आधी खिसे उलटे करणारी बाई,
खिशांना हातसुद्धा न लावता.
झाकण लावलं, स्टूल ओढलं, बसली.
पाणी भरलं.
ड्रम फिरला आणि सुरू झालं ते,
खड्, खड्, थोडं थांबून पुन्हा खड्.
मी बंद करायला उठले.
“राहू दे,” ती म्हणाली.
“अजून दोन फेरे आहेत.”