निळा पट्टा

खिडकी खाली दडवली की
पाणी थांबायचं.

सेलूच्या पाणीपुरवठा खात्यात, मागच्या खोलीत,
तीन आठवडे मी ह्याच्यावरच अडले होते:
दोन नंबरची टाकी रात्रभर भरते,
ओव्हरफ्लोचं पाणी कुत्री पितात पहाटे,
आणि माझ्या प्रोग्रॅममधला आकडा
काल चहाला उठताना होता तिथंच.
उलट खिडकीचा कोपरा धरून ओढला
तर टाकी भराभर रिकामी,
जणू सगळ्या गावानं एकदम नळ सोडले.

मग सापडलं.
चूक माझीच, नांदेडला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी
एका रात्रीत केलेली.
पाणी मोजायचं गणित
निळा पट्टा रंगवायच्या ओळींतच कोंबलेलं.
पट्टा एकदा रंगला की एक मिनिट सरायचं.
म्हणजे कोणी बघत असेल तरच
सेलूत वेळ पुढं जाणार.

मुनीरचाचा दारात.
खांद्यावर वॉल्व्हची लांब चावी,
बोटांना कुंभार वेशीतला चिखल.
"काय करायलाव मॅडम?"

म्हटलं, गावाचे तीन तुकडे.
चाचा, पाणी कुठं असतं?
"टाकीत."
टाकीवरच्या काट्यात?
"काट्यात कशाला असंल? काटा नुस्ता सांगतो."
आणि तुमच्या ह्या चावीत?
त्यांनी चावी फिरवून बघितली, नीट, दोन्ही टोकांनी.
"हिच्यात गंज हाय."

इतकं सोपं होतं.
त्या दुपारी पट्ट्यातून पाणी उपसून
मी वेगळ्या फाईलीत ठेवलं.
तिला रंग माहीत नाही, खिडकी माहीत नाही,
माऊस कशाला म्हणतात माहीत नाही.
ती मोजते: इतकं आलं, इतकं गेलं,
इतकं मधेच कुठं मुरलं.
काही बदललं की हाळी देते,
कोण ऐकतंय हे न विचारता.
पट्टा ऐकतो, आलेखाची रेघ ऐकते,
तक्ता ऐकतो आणि आपापल्या परीनं सांगतो.
आणि बटण दाबलं की
वॉल्व्ह किती फेरे फिरवायचा
एवढंच जाणणारा एक तिसरा, मधला.

संध्याकाळी खिडकी खाली दडवून घरी गेले.
सकाळी टाकी भरली होती.
कोणाला सांगणार? आईला सांगितलं.
ती म्हणाली, मग आधी काय व्हायचं?

शुक्रवारी बोधनकर साहेब आले.
सोमवारी सभा.
आलेखावरच्या लाल भागाकडं बोट:
हे काय?
गळती, सर. शंभरातले तेवीस.
"हे काढता येतं का?"
दिसण्यातून येतं, सर.
"मग काढ."

एक ओळ. तिच्यापुढं दोन तिरक्या रेघा मारल्या,
लाल गेलं.
पट्टा निळाच्या निळा.
खाली, त्या रंग नसलेल्या फाईलीत
तेवीस तसेच मुरत राहिले,
मिनिटाला मिनिट.
मी हात लावला नाही तिला.
एवढंच केलं मी, आणि ते फार नाही.

सभेत टाळ्या वाजल्या असं कळलं.

मुनीरचाचांसाठी मी आधीच एक छोटी खिडकी केली होती:
गल्ली, वॉल्व्ह, फेरे. मोठी अक्षरं, रंग नाहीत.
त्यात शेवटचा रकाना "मुरलं".
तो काढायला कोणी सांगितलं नव्हतं.
त्यांनी चष्मा न लावताच वाचलं,
आणि रेल्वे गेटच्या ओळीवर
काचेवर बोट टेकवलं.
"इथं फुटलंय. दिवाळीपासून.
दोनदा लिहून दिलं."

काचेवर तांबूस ठसा उमटला.

जाताना चावी खांद्यावर टाकत त्यांनी विचारलं,
तुमच्या त्या तिघांतला मधला,
फेरे फिरवणारा,
त्याला काय म्हणतात?
कंट्रोलर, चाचा.

थोडं थांबले.
"पगार येतो का त्याला, टायमावर?"