दप्तराविना, चुलीविना

शुक्रवारीच सिलिंडर संपलं,
आणि शनिवारी दप्तराला सुट्टी.
सरूबाई म्हणाल्या, "आज काय शिजवू, माझं डोकं?"
मग ठरलं, आज काहीच शिजवायचं नाही.

आश्विनातलं ऊन. नऊलाच
शाळेचा पत्रा टण्ण बोलू लागतो,
आणि सुकीच्या पाण्यात हात घातला
तर बोटं आखडतात.
एकाच दिवसात राहतात दोन ऋतू आमच्याकडे,
वाटण्या न झालेल्या भावांसारखे.

मुलांना म्हटलं, येता येता वाटेवर जे दिसेल ते आणा,
पण विचारून.
विचारून हा शब्द मी दोनदा म्हणाले.

मुनाफ तडवीने आणली केळी,
पाठीवर काळे डाग पडले म्हणून
ट्रकमध्ये न चढलेली.
बायसी पावराच्या ओढणीत सीताफळं,
पालच्या उतारावरची, नुकते डोळे उघडलेली.
हेमांगीने भुईमुगाचा वेलच उपटून आणला
मातीसकट, एका मुंगळ्यासकट.
आणि जिभाऊने, कुणी न सांगता,
शर्टाच्या खिशातून काढलं कापसाचं बोंड.
"हे खायचं नसतं रे."
"मले माहीत हाये. पाह्याले आणलं."

वेल हातोहात फिरला.
वर पिवळं फूल येतं, म्हटलं,
ते सुकतं, मग आरी सुटते खाली
आणि मातीत शिरून शेंग धरते.
"लाजते का ती?" हेमांगी.
"तिलाच विचार."
तिने खरंच शेंगेला कान लावला,
हलवली, खुळखुळ ऐकली,
आणि आम्हाला काही सांगितलं नाही.

पळसाच्या पानांचे द्रोण
मला कधी नीट जमलेले नाहीत.
बायसीने माझ्या हातातून पान घेतलं,
काडी दोनदा टोचली, झालं.
"आता तुम्ही," ती म्हणाली,
अगदी माझ्याच आवाजात.

खलबत्त्यात ओले दाणे, किसलेला गूळ,
सरूबाईंच्या डब्यातले मूठभर तीळ.
केळं कुस्करायला बोटंच बरी.
बोटं चाटायची नाहीत, असा नियम केला
आणि फळ्याकडे पाठ फिरेपर्यंतच तो टिकला.

एक केळं मी आडवं कापलं.
मधोमध काळे ठिपके, खसखशीहून बारीक.
"मॅडम, याची बी कुठी गेली?"
हीच ती, म्हटलं. व्हायची होती, राहून गेली.
"मंग झाड येतं कुठून?"

मी खडू शोधत होते, तोवर मुनाफ बोलला.
"बुडाशी पिलं निघतात.
घड उतरला का बा मोठी केळ अर्धी कापतो,
अर्धी उभी ठेवतो.
पिलू तिच्यातलं पानी पेतं."

जिभाऊ, जो मावशीकडे राहतो,
लाडू वळता वळता थांबला.
"किती दिवस?"
"सुके लोक."
तो पुन्हा वळू लागला. त्याचा लाडू
सगळ्यांत लहान झाला, सगळ्यांत घट्ट.

सीताफळाला मात्र बियाच बिया.
थुंकायची स्पर्धा, मग मोजायची स्पर्धा,
बायसीच्या एकाच फळात एक्केचाळीस,
हेमांगीच्यात तेहतीस, एक गिळली धरून.
एकूण बेरीज करा, म्हटलं,
तर कधी नव्हे ते सगळ्यांनी केली.
तीन उत्तरं आली. तिन्ही मी फळ्यावर ठेवली.

लाडू कुणाचे लिंबाएवढे, कुणाचा पेरूएवढा,
एक चपटा, त्याचं नाव बेडूक.
सरूबाईंनी बेडकाचा पाय मोडून चाखला,
"मीठ कमी हाये," म्हणाल्या,
आणि उरलेला बेडूक पदराखाली घेऊन गेल्या.

घंटा झाली तरी जिभाऊ पायरीवरच.
मांडीवर बोंड, बोटांनी कापूस फाडतोय हळूहळू,
आतली हिरवट सरकी चिमटीत धरून उन्हात बघतोय.
"मॅडम, इथं हाये बी."
हो, म्हटलं. पांघरूण घेऊन झोपलीये.
त्याने ती परत कापसात ठेवली,
खिसा वरून दाबला, गेला.

सोमवारी नवं सिलिंडर आलं.
दोघांनी उचलून आत नेलं,
आणि दारात अख्खा वर्ग उभा.
"मॅडम, हे कधी संपीन?"