गिधाडाची पाठ

रेलिंग नसलेल्या खडकाच्या टोकावर
मी आयुष्यात पहिल्यांदा
उडत्या गिधाडाची पाठ पाहिली.
आजवर मान वर करून पोटच बघत आले होते.
पाठ तपकिरी असते, वापरलेल्या घोंगडीसारखी,
कडांना विरलेली.

त्याच्या खाली जंगल, जंगलाखाली नदी.
नाव न्यू, पण ते सोनूबाईसारखंच.
हे डोंगरही नव्हते तेव्हापासून वाहतेय म्हणतात.
वरून मात्र हलत नाही.
एके जागी तेवढा पांढरा फेस,
कुणी दुधाचं बोट पुसल्यासारखा.

ओहायोहून आलेलं एक कुटुंब होतं,
कुत्र्यासाठी घडीची वाटी आणलेली.
आमचा एक काढाल का, म्हणाले.
काढला. तिघंही पुलाकडे पाठ करून हसले.
कुत्रा एकटा दरीकडे बघत होता.

ओपल खडकापर्यंत आलीच नाही.
ऱ्होडोडेंड्रॉनच्या बोगद्याच्या तोंडाशी
बुटातला खडा काढत बसली.
देखावा पाहुण्यांसाठी असतो, म्हणाली,
माझं जे आहे ते खाली आहे.

ओपल एकाहत्तरची.
बेकलीच्या हॉस्पिटलात रात्रपाळीचं डायलिसिस
तिने मला शिकवलं,
रुसलेली शीर कशी शोधायची,
आणि सुई टोचताना
दुखतंय का असं न विचारता
हवामानाचं कसं विचारायचं.

मग दुसऱ्या पायवाटेने उतरलो.
हेमलॉकच्या खोडांवर निळे ठिपके होते.
कीड लागलीय, ओपल म्हणाली, ठिपका म्हणजे डोस झाला.
आम्ही दोघी जरा थांबून
वॉर्डात राउंड घेतल्यासारख्या वर बघत राहिलो.

वाटेत खाणीचं तोंड, लोखंडी जाळी लावलेलं.
आतून गार हवा येत होती,
भर सप्टेंबरात फ्रिज उघडा राहिल्यासारखी.
तिचा बाप अकरा वर्षं या दारातून आत गेला.
ती जाळीला टेकून उभी राहिली, मानेवर वारा घेत.
त्याची फुप्फुसं मी एक्स-रेवर पाहिलीत, म्हणाली.
आणखी काही म्हणाली नाही.

मग पायऱ्या. लाकडी. शेकड्यांनी.
उतार फुकट असतो गं, पैसे येताना घेतात.

तळाला गाव होतं.
म्हणजे ती बोट दाखवायची आणि मी झाडं बघायची.
दुकान. शाळा. चर्च. लिंडा मेचं घर, जिला एक डोळा नव्हता.
आमचं.
तिथे एक ट्यूलिप पॉप्लर उभं होतं, दोन माणसांच्या कवेएवढं,
मुळात चुलीचं लोखंडी कडं धरून.
कडं हलवून पाहिलं मी. झाडाने सोडलं नाही.

कोळशाची गाडी गेली.
ओपल ओठ हलवत डबे मोजत होती.
चौऱ्याण्णव. शंभर भरले नाहीत
म्हणून चुकचुकली.

नदीकाठी तिने एक बुटकं झाड गदागदा हलवलं
आणि मऊ, हिरवं, डागाळलेलं फळ माझ्या हातात ठेवलं.
पॉपॉ. दुकानात मिळत नाही, दोन दिवसांत नासतं.
मी फोडलं. चाखलं.
जिभेने गर काढून बी गालात सरकवली,
आणि गालाला ती बी माहीत होती.
काळी, गुळगुळीत, चपटी.
सीताफळाची.
इतक्या पटकन थुंकायची नव्हती म्हणून
बोलता येईना.
ओपलला वाटलं, आवडलं नाही.

चढताना दर चाळीस पायऱ्यांना ती थांबायची.
तिच्या गळ्याजवळची शीर मला दिसत होती, उडत असलेली.
मी विचारलं,
उद्या पाऊस आहे का गं?
ती कठड्याला धरून इतकी हसली
की वरून येणारा एक तरुण थबकला,
मदत हवी का, विचारू लागला.

बिया वाळू द्यायच्या नाहीत, गाडीत बसताना म्हणाली.
ओल्या कागदात गुंडाळ, अख्खा हिवाळा थंडीत ठेव.
थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाहीत त्या.

सात आहेत.
विरजणाच्या वाटीमागे ठेवल्यात.