बिनपत्त्याची

ओळखपत्रावर फक्त पोस्टाची पेटी, एकशे अठरा.
चालणार नाही, मी म्हणालो. राहत्या घराचा पत्ता हवा.

अर्लीन डेलोर्मनं हातमोजे काढले,
एकेक बोट सोडवत.
"पाण्याच्या टाकीवरून उत्तरेला.
खडीचा रस्ता संपतो तिथं मोडकी निळी पिकअप.
तिच्यापुढं धूर दिसेल. तेच."

रकान्यात धूर मावत नाही.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
नियमांचं पुस्तक सरळच होतं,
मी ते पुन्हा सरळ केलं.

तीस हिवाळे हिनं शाळेची बस चालवली.
रिझर्वेशनवरची पोरं, सकाळी सहाचा काळोख,
थुंकी गोठेल अशी थंडी,
आणि आमच्या दाराशी एकदाच हॉर्न.
दाराला तेव्हा नंबर कुठं होता?

"आई बरी आहे ना तुझी?"
हातमोजे चढवताना तिनं विचारलं.
बरी आहे, म्हणालो.
बाहेर तिची गाडी दोनदा कण्हली, मग गेली.

रात्री मतपेट्या मोजून, सील करून परतलो.
काउंटीनं यंदाच ठोकलेला माझ्या घराचा आकडा
बर्फाखाली पार गडप.

घर सापडलं तरीही.